कमळाकरदादांचा ‘क’

स्टेनलेस स्टीलमध्ये आटे पाडायला ताकद लागते, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. ताकद लावणाऱ्यांनी मोडलेले टॅप, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, आमच्या वर्कशॉपमध्ये डबाभर पडलेले आहेत. कमळाकर केणींनी ताकद कधी लावली नाही. ते होलात टॅप उभा धरायचे, दोन्ही हातांनी हँडल पकडायचे, मान जराशी कलती करायचे आणि मग फिरवायला लागायचे. साध्या लोखंडात हात चुकला तर सावरता येतं. स्टेनलेसमध्ये टॅप कापायचा सोडून नुसता घासत राहिला की तेवढी जागा कडक होते, आणि पुढच्या फेऱ्यात टॅप आतल्या आत काडकन मोडतो. मोडलेला तुकडा काढता काढता वस्तूही जाते आणि दोन दिवसांची मेहनतही.

“बाय, ह्यो लोखंड नाय,” ते मला सांगायचे. “याला कापायचा तं काप, नायतं हात लावू नको. नुसता घासलास का ह्यो रागावतो.”

मी समीक्षा. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं तपासणीचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेते. नवीन पनवेलहून स्कूटीने येते, डिप्लोमा केलाय आणि तोंडाने फटकळ आहे. या तिन्ही गोष्टी लोकांना पहिल्या आठवड्यातच कळतात. कामाच्या पहिल्या दिवशी मी कमळाकरदादांच्या एका होलावर लाल शेरा मारला होता. आटे तपासायचं गेज दोन टोकांचं असतं. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. माझं जायचं टोकच अडलं. “फेल!” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दादा उठून आले, माझ्या हातातलं गेज घेतलं, सदऱ्याने पुसलं आणि त्याला चिकटलेला धातूचा केसाएवढा बुरा माझ्या तळहातावर ठेवला.

“मॅडम, आधी याला आंगोल घाला,” ते म्हणाले, “मंग आमच्या होलाला नावं ठेवा.”

गेज सरसर आत गेलं. आख्खं वर्कशॉप हसलं. तेव्हापासून चिडवायचं असलं की ते मला मॅडम म्हणत, आणि एरवी बाय. आगरी घरात लेकीला म्हणतात तसं. मला ते आवडायचं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

वर्कशॉप उदयसिंह सरांचं. ते कोल्हापूरकडून एक जुनं ड्रिल मशीन घेऊन पनवेलला आले, तेव्हा मशीन ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. दादांच्या सुकापूरच्या घराला लाकडं ठेवायची पडवी होती. दादांनी लाकडं उन्हात टाकली आणि मशीन आत घेतलं. तेव्हा सुकापूर हे गाव होतं. आता बिल्डिंगांच्या मधे गाव कुठे उरलंय ते विचारत जावं लागतं. दोघं त्या पडवीत पाच वर्षं राबले. शकूवहिनी, म्हणजे दादांची बायको, दोघांना जेवायला घालायची. सरांना सुक्या बोंबलाचा वास सहन व्हायचा नाही. वर्षभरात ते स्वतःहून कालवण मागून घ्यायला लागले. त्यांना सख्खी बहीण नव्हती, म्हणून दर भाऊबीजेला ते वहिनीकडून ओवाळून घेत. शेड मोठी झाली, गाडी मोठी झाली, तरी भाऊबीज चुकली नाही. एवढं सगळं मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते परक्याने केलं असतं तर मी एवढी चिडले नसते.

दादांनी सरांकडे कधी हिस्सा मागितला नाही, हुद्दा मागितला नाही. एकच गोष्ट मागितली. आपण हाताने आटे पाडलेल्या प्रत्येक होलाशेजारी आपण एक ‘क’ घालणार. बारीक पंचने ठिपक्या ठिपक्यांचा, तांदळाच्या दाण्याएवढा. सर हसून हो म्हणाले होते.

त्या ‘क’चं मूळ पनवेलच्या बाजारात आहे. सोळा-सतरा वर्षांचे असताना दादा एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायचे. आता त्याला मशीन आहे. तेव्हा पंच आणि हातोडी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायचं, आणि हंडा असो की वाटी, गिऱ्हाईक सांगेल ते नाव ठिपक्यांनी उमटवायचं. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. आगऱ्यांच्या हळदीला गावभरची भांडी एका मांडवात येतात आणि हळद उतरली की कुणाचं पातेलं कुणाच्या घरी जातं याचा हिशेब देवाला ठाऊक. एकदा दोन घरांत एका टोपावरून एवढं पेटलं की काठ्या निघाल्या. कुणीतरी दादांना बोलावून आणलं. दादांनी राखेने टोपाचं बूड घासलं, काजळीखालून नाव निघालं, आणि ज्यांचं नाव नव्हतं त्या घरातल्या म्हाताऱ्याने एक शब्द न बोलता टोप उचलून समोरच्यांच्या ओटीवर नेऊन ठेवला. ही गोष्ट दादा मला निदान वीस वेळा तरी सांगून झाले असतील.

“नाव निघाला ना, का भांडान संपला,” ते म्हणायचे. “मंग कोन बोलत नाय.”

त्यांचा त्या खुणेवर असा विश्वास होता. एखाद्याचा शपथेवर असतो तसा. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त.

त्या ‘क’ला पुढे भाव आला. तळोज्याकडची एक कंपनी औषधांच्या कारखान्यांसाठी मोठी मिक्सिंगची भांडी बनवते. तिच्या झाकणांच्या रिंगा आमच्याकडून जातात. एका रिंगेत आठ होलं, आरपार नाहीत, तळ बंद. तळ बंद असला की बुरा आतच साठतो आणि टॅप मोडायची भीती दुप्पट. कंपनीने इतर दोन ठिकाणी मशीनवर आटे पाडून घेतले होते आणि हात पोळून घेतले होते. मग त्यांनी ऑर्डरमध्येच लिहायला सुरुवात केली, की आटे हातानेच पाडलेले हवेत. त्यांचा माल उतरवून घेणारा माणूस ‘क’ बघितल्याशिवाय रिंग आत घेत नसे. दादांना हे कळलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकरी जबरदस्तीने वाढली.

हाताने होणारं काम हाताच्याच वेगाने होतं. दादांची दिवसाची मजल चाळीस रिंगा, तेही कुणी मधे बडबड केली नाही तर. “मॅडम, तुमच्यापायी आज अडतीस,” असं ते मला ऐकवायचे.

गेल्या दिवाळीत सरांनी शेजारची शेड घेतली आणि तिथे नवं मशीन बसवलं. निकेश नावाचा ऑपरेटर ते चालवतो, हुशार आहे, आपण बरं आपलं काम बरं असा. त्या शेडमधला माल माझ्याकडे तपासणीला यायचा, आणि दादांचा मालही माझ्याकडेच. दहा नगांतला एक मी बाजूला काढायचे, गेज घालायचे, पास करायचे. दादा त्या शेडमध्ये जायचे नाहीत. मशीनच्या आवाजात आपल्याला टॅप ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

मार्चमध्ये रिंग परत आली.

एका औषध कारखान्यात वाफेवरचं भांडं चालू असताना झाकणाचे तीन बोल्ट आट्यांसकट निघून आले. झाकण एका बाजूने उचललं गेलं. शेजारी प्रदीप नावाचा ठेक्यावरचा कामगार उभा होता, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका आदिवासी वाडीतला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मान भाजली. कंपनीचे एक साहेब ती रिंग घेऊन आमच्याकडे आले, आणि सरांच्या केबिनच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. सगळ्या आठ होलांशेजारी ‘क’ होता.

सरांनी दादांना बोलावलं, आणि मला. टेबलावर इंग्रजीत टाईप केलेला एक कागद तयार होता.

दादांनी रिंग हातात घेतली. ‘क’वरून अंगठा फिरवला, आठही वेळा. “मना आठवत नाय,” ते म्हणाले.

“दादा, रोज चाळीस करता तुम्ही. एक एक कसं आठवेल?” सर अगदी मऊ आवाजात म्हणाले.

“खून माझी हाय?”

“तुमचीच आहे.”

“मंग होल पन माझाच,” दादा म्हणाले.

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. आयुष्यभर ज्या माणसाने होलात बघितल्याशिवाय घास गिळला नाही, त्याने त्या दिवशी होलात बघितलंच नाही. त्याने फक्त खूण बघितली. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, चष्मा बेंचवर राहिला होता, आणि मुख्य म्हणजे नाव निघालं होतं. नाव निघाल्यावर बोलायचं नसतं.

“समीक्षा, दादांना कागद वाचून दाखव,” सर म्हणाले.

कागदात लिहिलं होतं की ही दुर्घटना केवळ माझ्या एकट्याच्या घोर निष्काळजीपणामुळे घडली असून वर्कशॉपचे मालक व अन्य कर्मचारी यांचा तिच्याशी कोणताही संबंध नाही. मी वाचलं, आणि दादांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “लिहिलंय, की दादा, ही चूक माझ्या हातून झाली.”

“तेवढाच?”

“तेवढंच.”

त्यांनी सही केली. मराठीत, सावकाश, सगळ्या वेलांट्या-मात्रा देऊन.

त्यानंतर सरांनी दादांना बेंचवरून उठवून पॅकिंगला बसवलं. “चार महिने फक्त, कंपनीला दाखवायला,” असं मला म्हणाले. दादांनी तक्रार केली नाही. आपले टॅप त्यांनी तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि घरी नेले. रिंगा नव्या शेडमध्येच भरल्या जायच्या. पॅकिंगच्या टेबलावर ते दुसऱ्यांनी केलेल्या बाकीच्या वस्तू प्लास्टिकमध्ये भरायचे, आणि भरताना प्रत्येक होलात एकदा करंगळी घालून बघायचे. मी गेले की वर बघायचे नाहीत. मला वाटायचं, शरमेने.

एका सोमवारी त्यांनी मला स्वतःहून हाक मारली. “बाय, काल मी कर्नाल्याला गेलो व्हतो.”

“पक्षी बघायला?” मी आपलं नेहमीसारखं चिडवलं.

“त्या प्रदीपच्या घरी.”

मग त्यांनी सांगितलं. वाडीवर विचारत विचारत गेले. पिशवीत तांदूळ, नारळ आणि वहिनीने दिलेली सुकी मासळी. प्रदीप बाहेर खाटेवर बसला होता, हाताला फडकं. त्याची बायको प्राजक्ता त्याला भरवत होती, उजवा हात चालत नव्हता म्हणून. दादांनी त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, “ह्या हातानी जाला.” वयाने तीस-बत्तीसचा तो पोरगा खाटेवरून उठला आणि दादांना खाली बसवायला लागला. “काका, तुमी आलात तरी. बाकी कोन आला नाय,” म्हणाला. “मी मनात नाय ठेवत.” प्राजक्ताने चहा केला. दादांनी कप तसाच खाली ठेवला.

हे सांगताना दादा रडत होते, हात मात्र पिशव्या भरत होते. मला ते बघवेना. मी माझ्या खोलीत आले. ती परत आलेली रिंग लाल चिठ्ठी लावून माझ्या कपाटात पडली होती, आणि तीन आठवड्यांत मी तिला हात लावला नव्हता. कशाला लावायचा, ठरलं होतं ना सगळं. त्या दिवशी का कोण जाणे, मी ती काढली, बोल्ट न निघालेल्या होलांपैकी एकावर दिवा धरला आणि भिंग लावलं.

आट्यांच्या प्रत्येक टोकावर मधोमध एक बारीक फट होती. टॅप दोन तऱ्हेचे असतात. एक धातू कापून आटे पाडतो. दुसरा कापत नाही, धातू दाबून वर उठवतो, आणि दोन्ही बाजूंनी उठलेला धातू जिथे भेटतो तिथे अशी फट राहते. हा दुसरा टॅप मशीनवर लावतात. दादांच्या फडक्यातल्या एकाही टॅपने अशी फट पडली नसती. मी ड्रॉवरमधून गुळगुळीत पिनचं गेज काढलं, जे होल मुळात केवढं पाडलं ते सांगतं. ती पिन अडायला हवी होती. ती सरळ तळाला गेली. होल मोठं पाडलं होतं, त्यामुळे आटे अर्धेच उठले होते. माझं दोन टोकांचं गेज अशा होलाला पास म्हणतं. दुसरी पिन लावायला मिनिट लागतं, आणि ते मिनिट मी घातलं नव्हतं.

मी निकेशकडे गेले. “या रिंगांवर ‘क’ कोण घालतं?”

“मार्किंग मशीन,” तो म्हणाला. “सरांनी दादांच्या ‘क’चा फोटो काढून दिला होता दिवाळीत. तो फीड केलाय. का? तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्याने ते इतक्या साधेपणाने विचारलं, की मी सरळ केबिनकडे निघाले. केबिनचं दार मी ठोठावलं नाही. इथून पुढे मी उदयसिंहला सर म्हणणार नाही.

“दादांचा ‘क’ मशीनमध्ये तुम्ही घातलात,” मी म्हणाले.

त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. “बस आधी,” म्हणाला. “समीक्षा, कंपनीला रोज दीडशे रिंगा हव्यात आणि त्याही हाताच्या. एक माणूस देऊ शकतो का? मी नाही म्हणालो असतो तर ऑर्डर गेली असती. चाळीस घरं चालतात यावर, तुझंही. ‘क’ आता नुसता दादांचा राहिलेला नाही, तो आपला छाप आहे.”

“मग सही छापाची घ्यायची. दादांची कशाला घेतली?”

“कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं. दादांना मी काढलं का? मरेपर्यंत ठेवीन मी त्यांना.”

“ते तुम्हाला भाऊ मानतात!”

“म्हणून तर,” उदयसिंह म्हणाला. “परक्याने सही केली नसती.”

मी त्याच्या टेबलावर ती रिंग आपटली. काच फुटली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दादांची त्या दिवशी दुपारनंतर सुट्टी होती. मी तडक सुकापूरला गेले. दादा ओटीवर बसले होते, वहिनी सुपात जवळ्याची सुकट निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फट, पिन, निकेश, फोटो, दिवाळी, आणि केबिनमधलं त्याचं ते शेवटचं वाक्य. सांगताना माझा आवाज एवढा चढला होता की शेजारच्या बिल्डिंगच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

वहिनीच्या हातातलं सूप खाली आलं. “दिवालीत?” ती म्हणाली. “त्याच दिवालीत भाऊबीजेला माज्या हातानी ओवालून गेला तो! चार करंज्या बांधून दिल्या मी त्याच्या पोरांना!” मग तिने उदयसिंहच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मी इथे लिहीत नाही, पण एकही शब्द जास्तीचा नव्हता.

दादा स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. मला वाटलं होतं, ऐकल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटेल. चूक त्यांची नव्हती ना! मी ती बातमी पेढ्यासारखी घेऊन आले होते.

“त्यानी मना माफ केला,” ते शेवटी म्हणाले. “त्या पोरानी, भाजलेल्या हातानी मना खाटंवर बसवला. कशाची माफी घेऊन आलो मी, बाय? ज्यानी मांगायची तो केबिनमंदी बसलाय.”

“आपण सांगू ना त्याला. कंपनीलाही सांगू.”

“मी सांगितला तं कोन ऐकल? सही माझी हाय.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या कागदात खरा काय लिवलेला?”

मला वाटलं नव्हतं ते हे विचारतील. मी सांगितलं. एकट्याच्या. घोर निष्काळजीपणामुळे. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

“तू तं नुसती चूक बोललीस.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, दादा.”

“वाईट वाटला असता,” ते म्हणाले. “मंग मी ईचारला असता, निष्कालजी कशी जाली ते. होलात बघितला असता.”

त्यांनी वहिनीकडून नातवाच्या वहीचा कागद मागवला. “आता तू लिही. तुना जे जे ठाव हाय ते सगला. मराठीत लिही. मागल्या टायमाला तू वाचलास नी मी ऐकला. आता मी वाचनार.”

मी ओटीवर मांडी घालून लिहायला बसले. रागात माणूस चांगलं लिहितो. तारखा घातल्या, मशीनचं नाव घातलं, फोटो कुणी काढला, कुणी फीड केला, होल किती मोठं होतं, पिन कुठवर गेली, केबिनमध्ये कोण काय बोललं. दिवाळीपासून रोज दीडशे रिंगा हाताच्या म्हणून पाठवल्या आणि त्यांवर कमळाकर केणी यांची खूण त्यांच्या नकळत घातली, असं लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दादांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. अर्धं पान झालं. पाऊण पान झालं. बोट दीडशेच्या आकड्यावर थांबलं.

“ह्या रिंगा कंपनीत जातात, तवा संगती कागद जातो ना तपासनीचा?”

“हो.”

“त्यात काय लिवलेला असतो?”

“हाताने आटे पाडलेले. नग दीडशे. पास.”

“मी दिवसाला किती करतो?”

मला ते माहीत होतं, हे त्यांना माहीत होतं. अडतीस की चाळीस, यावरून आमची रोजची थट्टा चालायची. “चाळीस,” मी म्हणाले.

“दिवालीपासून रोज,” दादा म्हणाले. आवाज जराही चढला नाही. “सही कोनाची असते त्यावर?”

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. गॅलरीतल्या बायका आत गेल्या होत्या. मी खुणा बघत नाही, मी होल बघते, दहातला एक नग तपासते, आकडा पॅकिंगवाला सांगतो, असं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आकडा मी माझ्या हाताने लिहीत होते. पाच महिने, रोज, दीडशे. एकदाही माझा हात अडला नव्हता. दीडशेला चाळीसपाशी आणून ठेवायला डिप्लोमा लागत नाही. मला कळत होतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

“माझी,” मी म्हणाले.

दादांनी कागद उलटा फिरवला आणि माझ्याकडे सरकवला. त्यांनी मला बाय म्हटलं नाही, मॅडमही म्हटलं नाही.

“यात तुझा नाव नाय,” ते म्हणाले.

मी पुन्हा पेन घेतलं. ओढलेल्या दोन रेघा खोडल्या, खाली जागा केली आणि ‘मी, समीक्षा’ अशी सुरुवात केली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. दादा समोर बसून होते आणि एक एक शब्द बघत होते. मी तीनदा थांबले. तिन्ही वेळा त्यांनी कागदावर बोट ठेवून पुढची ओळ दाखवली, आणि सगळं लिहून होईपर्यंत मला उठू दिलं नाही.